परतीचे साहित्य आणि गावाची साक्ष

१

गोमंतकातील देवस्थानांच्या जत्रांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका चाळल्या, तर त्यांत एक लेख हटकून आढळतो. लेखक मुंबईत, पुण्यात किंवा त्याहून दूर स्थायिक झालेला असतो. पुष्कळ वर्षांनी तो कुलदेवतेच्या दर्शनाला गावी येतो. पाणंदीत शिरताच त्याला ओल्या मातीचा वास येतो. मग तळी, कुळागर, तुळशीवृंदावन, आजीच्या हातची उकड्या तांदळाची पेज, पालखीपुढचा चौघडा असे एकेक स्मरण उमलत जाते, आणि अखेरीस एखाद्या नव्या सिमेंटच्या घराकडे पाहून तो सुस्कारा सोडतो. या लेखाला आपण सोयीसाठी ‘परतीचा लेख’ म्हणू. तो वाचताना डोळे पाणावतात, हे कोणी नाकारणार नाही. ज्या लेखनप्रकाराने इतकी वर्षे वाचकांच्या मनात घर केले, त्याची टवाळी करून समीक्षेचे काम साधत नाही. त्याचे बळ कोठे आहे आणि तो कोठे उणा पडतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

त्याचे बळ इंद्रियांच्या स्मरणशक्तीत आहे. वास, चव, पायाखालच्या पायरीचा गारवा यांना बुद्धीपेक्षा अधिक आठवते, आणि परतीचा लेखक हे प्रामाणिकपणे टिपतो. उणेपणा निराळ्या ठिकाणी आहे. या लेखांतील माणसे नीट पाहा. पेजेचा वास सविस्तर येतो. पण ज्या शेतातून तो तांदूळ आला, ते शेत कसणाऱ्याचे नाव येत नाही. देवळाच्या चौकात एक वृद्ध सेवेकरी भेटतो, लेखकाला ओळखतो, ‘कधी आलात?’ म्हणून विचारतो आणि लेखातून नाहीसा होतो. लेखकाला ओळखण्यापुरतीच त्याची नेमणूक झालेली असते. त्यालाही काही सांगावयाचे होते काय, गेल्या तीस वर्षांत त्याच्यावर काय गुजरले, हे लेखक विचारीत नाही. गाव बदलले ही तक्रार मात्र करतो. स्वतः बदलण्याचा हक्क त्याने केव्हाच बजावलेला असतो. गावाला तो हक्क द्यायला तो तयार नसतो.

प्रश्न केवळ शैलीचा असता, तर त्यावर एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु गावाची स्मृती कोणाच्या मालकीची, हा त्यामागचा प्रश्न आहे. आणि डिचोली-पेडण्यासारख्या तालुक्यांत आज तो ऐरणीवर आलेला आहे.

२

गोमंतकीयांना परतीची ओढ इतकी का, याचे उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकापासून आपली देवतासुद्धा गाव सोडून गेलेली आहे. दिवाडी बेटावरील नार्वे येथले सप्तकोटीश्वराचे देवालय कदंब राजांच्या कुलदैवताचे. १५४० साली पोर्तुगीज सत्तेने ते पाडले. लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीजांचा अंमल नसलेल्या डिचोली महालात नेण्यात आले, आणि आज मांडवीच्या दोन्ही तीरांवर नार्वे हे एकच नाव ऐकू येते. परतीचे सगळे दुःख आणि सगळे सामर्थ्य या एका नावात साठलेले आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट आहे ती नार्व्याच्या देवळातील शिलालेखाची. शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ साली, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाच्या जीर्णोद्धारास आरंभ झाला. लेख अगदी थोडक्यात आटोपलेला आहे. देवाचे नाव, शक-संवत्सर, तिथी-वार, राजाची आज्ञा आणि कामाचा प्रारंभ, एवढेच त्यात आहे. पाडलेल्या देवळाविषयी एक अक्षर नाही. आक्रोश नाही, शाप नाही, गतवैभवाचे वर्णन नाही. दुःख ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. दुःखाचे उत्तर काम सुरू करून द्यावयाचे, अशी त्या लेखामागील वृत्ती आहे. हेच देवालय २०२३च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने पुन्हा जीर्णोद्धार करून लोकांसाठी खुले केले. त्या वेळी आणि नंतर त्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्यातील किती लेखन त्या शिलालेखाइतके संयत होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरे उदाहरण डिचोलीचेच. विसाव्या शतकातील कोंकणी पुनरुज्जीवनाचे अध्वर्यू वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, हे १८७७ साली डिचोलीत जन्मले आणि १९४६ साली मुंबईत निवर्तले. मराठी-कोंकणी वादात त्यांच्या भूमिकेशी कोणाचे जमो वा न जमो, एक गोष्ट मान्य करावीच लागेल. गाव सुटल्याचे दुःख त्यांनी उसासे टाकून मांडले नाही. ‘गोंयकारांची गोंयाभायली वसणूक’ या ग्रंथात त्यांनी गोव्याबाहेर गेलेल्या आपल्या माणसांची हकीगत शोधली. कोण गेले, केव्हा गेले, कोठे वसले, हे इतिहासकाराच्या चिकाटीने मांडले. येथे स्मृतीला शिस्त आहे. भावना त्या शिस्तीच्या पोटात आहे, वर तरंगत नाही.

३

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा. त्या व्यवसायात स्मृतीला किंमत आहे, पण ती अटींसह. १८७२च्या पुरावा कायद्यातील १५९व्या कलमाने साक्षीदाराला आपली स्मृती ताजी करण्यासाठी कागद पाहण्याची मुभा दिली होती. मात्र तो कागद घटनेच्या वेळी, किंवा ती मनात ताजी असताना केलेला असावा लागे. शिवाय तो कागद प्रतिपक्षाला मागून पाहता येई आणि त्यावर साक्षीदाराची उलटतपासणी घेता येई. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम राहिले आहे. कारण ते कायद्याइतकेच शहाणपणाचेही आहे. आपल्या आठवणीला दुसऱ्याने प्रश्न विचारावेत, अशी सोय ज्याने ठेवली नाही, त्याची आठवण साक्ष होत नाही. ती केवळ कैफियत राहते.

परतीच्या लेखात ही उलटतपासणी कधी होत नाही. तुळशीवृंदावनाजवळ आजी बसलेली दिसते; आजीला त्या वृंदावनापलीकडे जाता येत होते काय, हे कोणी विचारीत नाही. कुळागरातील गारवा आठवतो. त्या कुळागराला पाणी शिंपणाऱ्या मुंडकाराचे खोपट कोठे होते, हे आठवत नाही. देवळातील दीपोत्सव आठवतो. सभामंडपाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणाला येता येत होते, हे सोयीस्करपणे विस्मृत होते. साक्षीदार खोटे बोलतो असे नव्हे. तो अर्धेच सांगतो, आणि उरलेले अर्धे सांगणाऱ्याला पिंजऱ्यात बोलावलेच जात नाही.

या संदर्भात मये गावाचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. डिचोली तालुक्यातील या गावाची फार मोठी जमीन एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या नावे होती. मुक्तीनंतर मालक देशाबाहेर राहिले, आणि १९६४च्या कायद्याने ही जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राबल्या, ज्यांची घरे, देवळे, स्मशाने तेथेच, ते मयेकर कागदोपत्री दुसऱ्याच्या जमिनीवरचे रहिवासी ठरले. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही स्थिती राहिली. अखेर २०१४ साली गोवा विधानसभेने स्वतंत्र कायदा करून ते जुने स्वामित्व संपविले, आणि नंतर रहिवाशांना सनदा देण्याचे काम हाती घेतले गेले.

आपल्या परतीच्या साहित्याची स्थिती काहीशी मयेसारखीच आहे. जो गावात नाही तो स्मृतीचा मालक. जो गावात आहे तो तिचे कूळ. देवस्थानांच्या व्यवस्थेतही याची छाया दिसते. १९३३च्या नियमावलीने महाजनांच्या नोंदवहीला कायद्याचे रूप दिले. वंशपरंपरेने महाजन असलेला मनुष्य कितीही दूर गेला, तरी त्याचा हक्क त्या वहीत सुरक्षित असतो. बारा महिने देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि चौघडा करणाऱ्यांची नावे त्या वहीत महाजन म्हणून नसतात. हक्काची ही रचना बरोबर की चूक, हा येथला विषय नव्हे. साहित्याने तरी तीच वही पुढे ठेवून लिहू नये, एवढेच म्हणणे आहे.

४

या कसोटीवर आपल्या काही नामांकित लेखकांकडे पाहिले म्हणजे परतीचे चांगले साहित्य कसे असते, हे ध्यानात येते.

बा. भ. बोरकरांचे नाव प्रथम घ्यावयास हवे. गोव्याच्या भूमीला त्यांच्या कवितेने जे लावण्य दिले, त्याची बरोबरी नाही. परतीचा प्रत्येक लेखक कळत नकळत बोरकरांचे डोळे उसने घेऊन गावात शिरतो. पण अनुकरण करणारे एक गोष्ट विसरतात. याच बोरकरांनी १९५० साली ‘भावीण’ ही कादंबरी लिहिली. देवळाच्या सौंदर्याच्या आड ज्या स्त्रीचे आयुष्य देवाच्या नावाने बांधले गेले, तिच्याकडे त्यांनी तोंड फिरविले नाही. कवितेतील भूमी आणि कादंबरीतील भावीण एकाच गोव्यातील आहेत. पहिली घेऊन दुसरी टाळणाऱ्याला बोरकरांचा वारसा सांगता येणार नाही.

महादेवशास्त्री जोशी हे सत्तरीतील आंबेडे गावचे. पुढे पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्या कथांत आणि ‘आत्मपुराण’ या आत्मचरित्रात गोव्यातील खेडे पुनःपुन्हा येते. त्यांची शैली कीर्तनकाराची आहे. श्रोत्याला हाताशी धरून ती पुढे नेते, कधी अतिगोडही होते. तरीही तिच्यात पोकळ हुरहूर का वाटत नाही? याचे कारण मला असे दिसते की, या घराने परतीची किंमत मोजली होती. सुधाताई जोशी १९५५च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज अमलाखालील म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या, पकडल्या गेल्या आणि त्यांनी कारावास भोगला. परतणे म्हणजे तुरुंगात जाणे, हे ज्या कुटुंबाने अनुभवले, त्याच्या लेखणीत गाव ही केवळ सुट्टीची जागा राहत नाही.

पेडण्याच्या उत्तरेला, तेरेखोल नदीपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवली आहे. जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) हे पुस्तक गावच्या आठवणींचे, पण त्यात लेखकाची हुरहूर शोधूनही सापडत नाही. सापडतात ती माणसे: विक्षिप्त, लबाड, लाघवी, दरिद्री, हट्टी, सर्व जातींची आणि सर्व थरांची. त्यांच्यापैकी कोणीही लेखकाला ओळखण्यासाठी उभा केलेला नाही. प्रत्येकाला स्वतःचा उद्योग आहे. दळवी हसवितात, आणि हसता हसता एक माणूस संपून जातो. निसर्गवर्णन त्यांनी हात राखून केले. गावाचे खरे दृश्य माणसाच्या बोलण्यात आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आणि अखेरीस पुंडलीक नायकांची कोंकणी कादंबरी ‘अच्छेव’ (१९७७). या कादंबरीला मी परतीच्या साहित्यात घेतो याचे काही वाचकांना नवल वाटेल, कारण तिचा विषय परतीचा नाही. कोळंब या गावात खाण येते. शेतकरी खाणकामगार होतो. पैसा येतो, आणि त्याच्या पाठोपाठ शेत, घर, नाती, नीती एकेक करून ढासळत जातात. येथे माणूस गाव सोडून जात नाही. गावच माणसाच्या पायाखालून निघून जाते. जो राहिला त्याचीही जागा हरवू शकते, हे परतीच्या लेखकाला ठाऊक नसलेले सत्य या कादंबरीने पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवले. अंतरावरून पाहणाऱ्याला बदल एकदम दिसतो आणि तो दचकतो. आत राहणाऱ्याने तो कणाकणाने पाहिलेला असतो, कधी त्याची मजुरी घेतलेली असते, कधी त्याला विरोध करून हरलेला असतो. ही गुंतागुंत ‘अच्छेव’मध्ये आहे, सुस्काऱ्यात ती मावत नाही.

५

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. मुंबईहून रस्त्याने येणाऱ्या परतीच्या लेखकाने पेडणे बहुधा गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. पत्रादेवीची हद्द ओलांडली की ‘गोवा आला’ असे लिहून तो पुढे निघतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कर्नेलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले. तेथील स्मारकाजवळही परतीचे लेख क्वचितच थांबतात. आता तर खिडकीची उंची आणखी वाढली. मोपाच्या पठारावरील विमानतळ २०२३च्या जानेवारीपासून वाहता झाला, आणि परतणारा थेट पेडण्यातच उतरू लागला. ज्या पठारावर तो उतरतो, तेथे कोणाची गुरे चरत होती, कोणत्या वाड्यावरची कुटुंबे हलविली गेली, हे त्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

डिचोलीची कथा याहून जुनी. शिरगाव, मये, पिळगाव, लामगाव या पट्ट्यातील डोंगर खाणींनी खोदले. २०१२ साली खाणकाम थांबले. मध्यंतरी काही काळ सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. परतणारा लाल धुळीबद्दल लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण खाण बंद पडल्यावर ट्रकच्या कर्जाचे हप्ते कोणी कसे फेडले, याबद्दलही कोणीतरी लिहावयास हवे. दोन्ही गोष्टी एकाच घराच्या ओटीवर ऐकावयास मिळतात.

याच शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराईची जत्रा भरते. ठिकठिकाणचे धोंड येतात. पण ते तसेच येत नाहीत. आधी व्रत पाळतात, सोवळ्याने राहतात, तळीत स्नान करतात आणि हाती वेत घेऊन होमखणाच्या निखाऱ्यांतून चालत जातात. परत येण्याची ही आपल्याकडील जुनी रीत आहे. येणाऱ्याने आधी स्वतःला तयार करावयाचे आणि त्या जागेचे जे देणे लागते ते अंगावर घ्यावयाचे. पेडण्यात कोजागिरीच्या पुनवेला श्री रवळनाथ आणि श्री भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाला आपले देऊळ हवे असते, ते बांधून देण्याच्या वचनावर त्याची समजूत काढावी लागते, अशी श्रद्धा आहे. वर्षानुवर्षे तोच हट्ट, तेच वचन. परत येणारा येथे आठवणी काढीत बसत नाही. राहिलेल्या वचनाची आठवण करून देतो. आपल्या देवळांना हे ठाऊक आहे. आपल्या स्मरणिकांना ते का ठाऊक नसावे?

म्हणून संपादकांना आणि देवस्थान समित्यांना एक सूचना करावीशी वाटते. पुढील जत्रेच्या स्मरणिकेत परतीचा लेख अवश्य घ्यावा; पण त्याच्या शेजारी गावात राहिलेल्याची हकीगत छापावी. त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या तोंडची, त्याच्याच कोंकणीत उतरून घ्यावी. पेडण्याकडच्या माणसाने डिचोलीसारखे बोलावे असा आग्रह धरू नये, आणि दोहोंपैकी कोणाच्याही बोलण्याला पुस्तकी वळण लावू नये. शेतांची, खाजनांची, व्हाळांची, डोंगरांच्या माथ्यांची नावे विचारून लिहून ठेवावी. यांपैकी काही शेते आज खाणीच्या मातीखाली आहेत, काही धावपट्टीखाली. ती नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे वृद्ध झाली आहेत. परतीच्या लेखकालाही यात काम आहे. त्याने आपला लेख छापण्याआधी गावात वाचून दाखवावा, आणि चौकातील त्या वृद्ध सेवेकऱ्याला, नाव घेऊन, विचारावे की यात काय राहिले. तो जे सांगेल ते लेखात घालावे. त्यामुळे लेख थोडा लांबेल आणि सुस्काऱ्याला जागा कमी उरेल. वाचकांचे त्यात काही नुकसान नाही.